चाळीस टक्क्यांत कोण नव्हते?

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी सुरू होऊन दोन-चार आठवडे झाले असताना, भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने देशभर एक पाहणी केली. प्रश्नावली मोबाईलवरून पाठवायची, ज्याला मिळेल त्याने भरायची आणि ओळखीच्यांकडे पुढे सरकवायची, अशी तिची पद्धत होती. १,८७१ जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतली १,६८५ विचारात घेता आली. निष्कर्ष त्याच वर्षी 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उत्तरे देणाऱ्यांपैकी ३८.२ टक्के लोकांत चिंतेची आणि १०.५ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली. दोहोंपैकी एक तरी असलेल्यांचे प्रमाण ४०.५ टक्के होते. मध्यम प्रमाणात ताण जाणवणारे तर जवळजवळ तीन-चतुर्थांश निघाले.

आकडा लक्षात राहण्याजोगा आहे आणि तो पुष्कळांच्या लक्षात राहिलाही. शाळांमधल्या व्याख्यानांतून, लेखांतून, निबंधस्पर्धांतून साथीचा आणि मनाचा विषय निघाला की 'चाळीस टक्के' हे शब्द आम्ही आजही ऐकतो. पाहणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हांला शंका नाही. घराबाहेर पडण्याची बंदी असताना दुसऱ्या कोणत्या मार्गाने ती इतक्या लवकर झाली असती हे सांगणे कठीण आहे. आमची तक्रार त्या आकड्याला पुढे जे काम दिले गेले त्याबद्दल आहे. साथीच्या काळातले मानसिक आरोग्य म्हणजे हे चाळीस टक्के असे समीकरण झाले, आणि ज्यांना साथीच्या आधीपासून मनोविकार होता, जे वर्षानुवर्षे औषधे घेत होते, ते ह्या समीकरणात कुठेच उरले नाहीत.

आधी आकड्याचे अंतरंग पाहू. अशा पाहण्यांत ज्या प्रश्नावल्या वापरतात त्या आटोपशीर असतात. नैराश्यासाठीच्या एका प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत झोप नीट लागली का, थकवा वाटला का, भूक कशी होती, कशातच रस वाटेनासा झाला का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. चिंतेसाठी असेच सात प्रश्न असतात. एप्रिल २०२० मध्ये ज्याची झोप बिघडली नव्हती असा माणूस शोधावा लागला असता! प्रश्नावली चुकीची नाही, पण ती चाळणी आहे. चाळणीत जे वर राहते ते सगळे खडे नसतात, पुढे निवडावे लागते. ते निवडणे म्हणजे निदान, आणि त्यासाठी समोर बसून बोलणारा जाणकार माणूस लागतो.

हे वर्गात फळ्यावर करून दाखवता येते. आकडे काल्पनिक घेऊ. एक हजार माणसे आहेत, त्यांपैकी ५० खरोखर आजारी आहेत. चाळणी इतकी चांगली आहे की ५० पैकी ४५ आजारी ती पकडते. मात्र निरोगी माणसांपैकी वीस टक्केही तिच्यात अडकतात. ९५० चे वीस टक्के म्हणजे १९०. चाळणीवर एकूण २३५ माणसे आली. त्यांत खरे आजारी ४५, म्हणजे पाचांत एक. हजारांतल्या ५० आजाऱ्यांच्या गावात चाळणी 'साडेतेवीस टक्के' असे सांगून मोकळी होते. नववी-दहावीच्या मुलांना ह्यापेक्षा जास्त गणित लागत नाही.

ह्या हिशेबाच्या जोडीला पुण्याचाच एक खरा आकडा ठेवावा. पुण्यात सुमारे तीन हजार प्रौढांच्या सविस्तर मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी मनोविकार झालेल्यांचे प्रमाण त्यात ५.०३ टक्के आले. एकीकडे आयुष्यभराचे पाच टक्के आणि दुसरीकडे दोन आठवड्यांचे चाळीस टक्के! ह्यातला कोणता आकडा खरा, असे विद्यार्थी हमखास विचारतात. दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण दोघांनी मोजलेली वस्तू एक नाही. एकाने आजार मोजला, दुसऱ्याने अस्वस्थता मोजली. अस्वस्थता मोजण्यात गैर काहीच नाही. ती मोजून आजार मोजला असे समजणे मात्र गैर आहे.

आता दुसरा प्रश्न, आमच्या मते अधिक महत्त्वाचा. उत्तरे कोणी दिली?

पुण्यातली कसबा पेठ ही शहरातली सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती इथला, तांबट आळी इथली, कुंभारवाडा इथला. अरुंद बोळ, वाडे पाडून झालेल्या इमारती आणि अजून टिकून असलेले काही वाडे. महाराष्ट्रातले पहिले कोरोनाचे रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी सापडले. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मध्यवर्ती पेठांचा भाग बंद करण्यात आला, बोळांच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे लागले. ह्या पेठेतल्या एका वाड्यातले एक घर आमच्या माहितीतले आहे. दोन खोल्या, माणसे पाच. त्यांतला एक चाळिशी ओलांडलेला पुरुष गेली वीस वर्षे छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे. त्याचा थोरला भाऊ दर महिन्याला रुग्णालयात जाऊन गोळ्या आणतो. रुग्ण रोज पहाटे नदीच्या घाटापर्यंत चालत जाऊन येत असे. ते चालणे त्याच्या औषधाइतकेच नियमित होते.

टाळेबंदीत वाड्यातल्या मोबाईलच्या गटावर अशाच एका प्रश्नावलीचा दुवा आला. घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने स्वतःची उत्तरे भरली, मग आईची भरली. मग तिने आजीला विचारले, "काकाचंपण भरू का गं?" आजी म्हणाली, "त्याचं कशाला? हे कोरोनामुळं काय होतंय ते विचारतायत. त्याचं जुनंच आहे."

आजीचे काहीच चुकले नाही. साथीच्या काळातल्या बऱ्याच पाहण्यांचे तर्कशास्त्र तिने एका वाक्यात सांगितले. नवे काय झाले ते मोजायचे, जुने आहे ते धरून चालायचे. ज्याच्याकडे मोबाईल नाही, जो प्रश्न वाचून पुरा करू शकत नाही, जो रुग्णालयाच्या वॉर्डात आहे, तो आपोआप वगळला जातो. वर्गात 'जे गैरहजर आहेत त्यांनी हात वर करा' असे सांगून हजेरी घेतल्यासारखे हे झाले.

ह्या जुन्या रुग्णांचे त्या काळात काय होत होते? इथे थोडे औषधांकडे वळले पाहिजे, कारण रोगाचे निम्मे गणित तिथे आहे.

उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या विकारावर लिथियमचे क्षार देतात. त्यांचा उपयोग ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड ह्यांनी १९४९ मध्ये दाखवला. हे औषध गुणकारी, पण गुणाची आणि विषाची पातळी शेजारीशेजारी. म्हणून रक्तातले प्रमाण अधूनमधून तपासावे लागते. तापात घाम जाऊन शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम रोखून धरते आणि पातळी चढते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही तसेच होते. ताप आणि अंगदुखीच्या साथीत, तपासणीची प्रयोगशाळा गाठता येत नसताना, लिथियमवरच्या रुग्णाची स्थिती काय होत असेल ह्याची कल्पना करावी. दुसरे औषध क्लोझापीन. इतर औषधांना दाद न देणाऱ्या छिन्नमनस्कतेत ते फार उपयोगी पडते. पण थोड्या रुग्णांत त्यामुळे पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात, म्हणून सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढे लांब अंतराने रक्त तपासण्याची अनेक देशांत रीत आहे. जोराचा संसर्ग झाला की यकृतातली हे औषध मोडणारी विकरे मंदावतात आणि त्याचेही रक्तातले प्रमाण वाढते. २०२० मध्ये काही देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सुचवले की वर्षाहून अधिक काळ स्थिर असलेल्या रुग्णांची तपासणी तीन महिन्यांनी केली तरी चालेल. साथीच्या सुरुवातीलाच कोणीतरी ह्या रुग्णांचा विचार करत होते, ह्याची नोंद घ्यावी.

आमच्या ओळखीचा रुग्ण क्लोझापीनवर होता. थोरल्या भावाला पहिल्या दिवशी चौकातून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयापर्यंत पोचला, तर बाह्यरुग्ण विभाग बंद होता आणि तिथले मनुष्यबळ साथीच्या कामाला लावलेले. औषधांच्या दुकानदाराने चिठ्ठी जुनी आहे म्हणून गोळ्या नाकारल्या. नियमाप्रमाणे त्याचेही बरोबर होते. मग घरात ठरले की उरलेल्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवायच्या. टेलिफोनवरून सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजीच जाहीर केली होती आणि ती उपयोगाची होती, पण ज्या घराला डॉक्टरांचा नंबरच माहीत नाही त्याला त्यांचा उपयोग किती?

आणि इथेच काळाचा मुद्दा येतो, जो त्या चाळीस टक्क्यांच्या चर्चेत आम्हांला कुठे दिसला नाही. भीती लगेच दिसते. औषध कमी केल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. छिन्नमनस्कतेच्या औषधांवरच्या ६५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के. फरक प्रचंड आहे, पण तो आठवड्यांत आणि महिन्यांत उलगडत जातो. म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात पाहणी केली तर घाबरलेला निरोगी माणूस आजारी दिसेल आणि गोळ्या संपत आलेला रुग्ण ठीक दिसेल. चुकीच्या महिन्यात घेतलेले छायाचित्र असे ह्याला म्हणता येईल.

'ठीक दिसेल' हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. २०२० मध्येच भारतात एक छोटी पाहणी झाली. तीव्र मनोविकार असलेल्या १३२ रुग्णांशी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांशी दूरध्वनीवरून बोलून ती केलेली होती. त्यांतल्या तीन-चतुर्थांश रुग्णांना कोरोना होईल अशी काळजीच वाटत नव्हती. दोन-तृतीयांश रुग्णांना रोगाची तीन लक्षणे किंवा तो पसरण्याचे मार्गही सांगता आले नाहीत. सुमारे ३० टक्क्यांत आजार उलटल्याच्या खुणा होत्या आणि २२ टक्क्यांनी उपचार थांबवले होते. १३२ ही संख्या लहान आहे आणि जे दूरध्वनीवर भेटले तेच तिच्यात आले, हा दोष इथेही आहेच. तरी १,६८५ च्या पाहणीपेक्षा ही पाहणी आम्हांला अधिक शिकवून गेली. ज्यांना सर्वांत जास्त धोका, ते सर्वांत कमी चिंतेत. चिंतेच्या प्रश्नावलीत असा माणूस उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो.

त्यांच्या मनात काय चालले असेल हाही प्रश्न उरतो. 'माझ्यावर पाळत आहे' असा भ्रम असलेल्या माणसाला डॉक्टर वर्षानुवर्षे समजावतात की तसे काही नाही. एप्रिल २०२० मध्ये शहरांवरून पोलिसांचे ड्रोन फिरू लागले आणि कोण कोणाच्या जवळ आले ते टिपणारे सरकारी ॲप मोबाईलमध्ये आले. वारंवार हात धुण्याच्या विकाराने ग्रासलेल्याला जे सोडायला शिकवले, तेच देशातला प्रत्येक दूरध्वनी खोकल्याच्या आवाजापाठोपाठ करायला सांगू लागला. उलट काही एकलकोंड्या रुग्णांना ह्या काळात थोडे बरे वाटल्याचे घरचे लोक सांगतात. सगळे जगच त्यांच्यासारखे दार लावून बसले होते! कोणत्याही शेकडेवारीत न मावणारे हे अनुभव नोंदवले गेले असते तर मनोविकारशास्त्रालाच ते उपयोगी पडले असते.

न मोजण्याची किंमत पुढे पडली. दक्षिण कोरियातल्या चेओंगडो इथल्या एका रुग्णालयात फेब्रुवारी २०२० मध्ये मनोरुग्णांच्या बंद वॉर्डातील शंभराहून अधिक रुग्णांपैकी जवळजवळ सगळ्यांना लागण झाली. त्या देशातला कोरोनाचा पहिला बळी ह्याच वॉर्डातला, वीस वर्षांहून अधिक काळ तिथे राहिलेला माणूस होता. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ७,३४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, इतर आजार वगैरे हिशेबात घेऊनही छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत मृत्यूची शक्यता सुमारे २.७ पट निघाली. वयाच्या खालोखाल हाच घटक. हृदयविकार आणि मधुमेहही त्याच्या मागे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये हे विकार धोक्याच्या यादीत घातले. आपल्याकडे १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या ज्या रुग्णांना लस आधी द्यायची त्यांच्यासाठी वीस सहव्याधींची यादी होती. छिन्नमनस्कता तिच्यात नव्हती. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्याने हा अन्याय महिनाभरच टिकला, पण यादी करताना कोण आठवले नाही ते त्यातून कळते.

पुण्यापुरते बोलायचे तर कसब्यातून नदीपलीकडे पाहावे. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे २,५४० खाटांचे, देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. अशा संस्थांत दाखल असलेल्यांपैकी अनेकांकडे ओळखपत्र नव्हते आणि लशीची नोंदणी ओळखपत्रावर चालायची. मे २०२१ मध्ये केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी कार्यपद्धती जाहीर केली, तिच्यात मनोरुग्णालयांतील निवासींचा नावाने उल्लेख आला. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला खडसावले, कारण मनोरुग्णालयांतून बरे झालेल्यांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. ह्या निवासींच्या लसीकरणाचेही काय, असे न्यायालयाने विचारले. मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देणारा २०१७ चा कायदा तोवर तीन वर्षे लागू होता. आणखी एक उणीव इथे सांगितली पाहिजे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती, महाराष्ट्र त्यांत नव्हता. म्हणजे साथ आली तेव्हा आपल्या राज्यात मनोरुग्ण किती आणि त्यांतले उपचार घेणारे किती, ह्याचा त्या सर्वेक्षणातला पायाभूत आकडाच आपल्याकडे नव्हता. ज्याची आधीची उंची ठाऊक नाही तो वाढला की खुजा झाला, हे कसे सांगणार?

१० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा सुरू झाली. तिचे आम्ही स्वागत करतो. शाळांच्या फलकांवर तो क्रमांक लिहिलेला असावा. पण दूरध्वनी करणारा माणूस हा पुन्हा तोच, ज्याला आपल्याला काहीतरी होते आहे हे कळते आणि सांगता येते.

कसब्यातल्या त्या घरात जूनपर्यंत सगळे शांत होते. "बघा, अर्ध्यावरही ठीक आहे," असे आजी शेजाऱ्यांना सांगे. त्या वर्षी गणपतीची मिरवणूक निघाली नाही, मानाच्या गणपतींचे विसर्जन मांडवातच झाले. त्यानंतरच्या आठवड्यात तो रात्री जागू लागला, भिंतीशी बोलू लागला, एके रात्री त्याने वाड्याचे दार उघडून घाटाचा रस्ता धरला. पोलिसांनी त्याला घरी आणून सोडले. ऑक्टोबरमध्ये डॉक्टर भेटले. पूर्ण मात्रा एकदम द्यायची नाही म्हणून ती हळूहळू वाढवत नेली. पूर्वीसारखे व्हायला पुढचा उन्हाळा लागला.

पुतणीने एक वही ठेवली आहे. शंभर पानी, शाळेची उरलेली. डाव्या बाजूला तारीख, मग गोळी, मग झोप किती तास, मग चालायला गेला की नाही. पहिली नोंद १७ एप्रिल २०२० ची आहे: अर्धी, पाच तास, नाही.